मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमध्ये व्हूपिंग क्रेन (सारसांचे अमेरिकन भाऊबंद) कुठे दिसतील?

मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबा शिकागोला येताहेत. बाबा मूळचे गोंदियाचे, सारसांचे वेडे. त्यांना नायगारा नको, विस्कॉन्सिनमधलं नसीडाचं अभयारण्य बघायचंय!

२००१ मध्ये 'ऑपरेशन मायग्रेशन' या संस्थेच्या लोकांनी स्थलांतराची वाट शिकवायला तिथूनच व्हूपिंग क्रेनची पिल्लं अल्ट्रालाइट (अगदी हलक्या, छोट्या) विमानामागे उडवत फ्लोरिडाला नेली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून अंगात पांढरा झगा, तोंड झाकलेलं, बोलायचं अजिबात नाही. हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली, तिच्या चोचीने दाणा टिपून दाखवायचा. विमानाचा आवाज तर अंड्यात असल्यापासून ऐकवायचे. पक्षी वाट शिकले, पण पुढे स्वतःची पिल्लं फारशी जगवू शकले नाहीत. ही पद्धत फार कृत्रिम आहे असं म्हणत सरकारने २०१६ मध्ये ती थांबवली. मला ते पटतं, बाबांना मुळीच नाही. असो.

तर सप्टेंबरमध्ये नसीडाला क्रेन दिसतात का? पहाटे जावं की संध्याकाळी? बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही. की सरळ बाराबूचं क्रेन फाउंडेशन गाठावं? तिथे जगातल्या क्रेनच्या पंधराही जाती आहेत, सारससुद्धा. पण बाबांना पिंजऱ्यातले नकोत. कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.