मदत हवी आहे: रक्तगट चालतो, तरी दाजींची किडनी ताईला का चालत नाही?

नमस्कार. आम्ही तासगावचे. माझी मोठी बहीण (वय ४३) दीड वर्षापासून डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा पहाटेच्या एसटीनं मिरज गाठायचं, दुपारी गळून परत यायचं. दाजी पहिल्या दिवसापासून किडनी द्यायला तयार. ताई बी पॉझिटिव्ह, दाजी ओ पॉझिटिव्ह, म्हणजे गट चालतो. बाकी तपासण्याही चांगल्या आल्या आणि शेवटी क्रॉसमॅच (दोघांचं रक्त एकत्र करून जुळतं का पाहायची तपासणी) पॉझिटिव्ह निघाली. इथं पॉझिटिव्ह म्हणजे न जुळणं, हे आम्हाला तिथंच कळलं. दाजींना त्या दिवसापासून जेवण जात नाही. "वीस वर्षांचा संसार, आणि माझीच किडनी तिला चालेना," एवढंच म्हणतात.

गट चालत असताना असं का झालं? मी (३८, ओ पॉझिटिव्ह, बीपी-शुगर नाही) दिली तर? भाचा १९ वर्षांचा आहे, तोही मागं लागलाय, पण ताई त्याचं नाव काढू देत नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

कऱ्हाडकर:
माझं प्रत्यारोपण २०१८ चं, किडनी आईची. आधी दाजींना सांगा, यात त्यांचा काही दोष नाही. रक्तगटाशिवाय पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून आलेल्या. गरोदरपणात बाळातल्या वडिलांच्या खुणा आईच्या शरीराला परक्या वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी (परक्याशी लढणारी रक्तातली प्रथिनं) तयार होऊ शकतात. बाळाला त्याचा त्रास होत नाही, पण पुढं नवऱ्याची किडनी आली की त्याच अँटिबॉडी तिच्यावर तुटून पडतात, कधी काही मिनिटांत. भाच्यातही निम्म्या खुणा दाजींच्याच, त्यामुळं तिथंही हीच अडचण येऊ शकते. ताईंना रक्त चढवलं होतं का? त्यानंही अँटिबॉडी वाढू शकतात. यापुढं रक्त चढवायची वेळ आली तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना आधी विचारा.

सख्ख्या भावंडांत सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता चारात एक, निम्म्या जुळण्याची दोनात एक. पूर्ण नाही जुळल्या म्हणून वाट बंद होत नाही, क्रॉसमॅच निगेटिव्ह यायला हवी. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती एकसारख्या जुळ्या भावांत, तिथं शरीराला परकं असं काही नव्हतंच. आपल्याला मात्र शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्या लागतात, आणि किडनी चालते तोवर त्या सोडायच्या नाहीत. माझ्या शरीरानं एकदा किडनी नाकारायला सुरुवात केली होती. ना ताप, ना दुखणं, फक्त क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलं. बायोप्सी झाली, स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली, सावरलं. तपासणीची एक तारीख चुकवली असती तर कळलंही नसतं.

तुमचं नाहीच जुळलं तर स्वॅपबद्दल विचारा. अशाच अडचणीतल्या दुसऱ्या जोडप्याबरोबर किडन्यांची अदलाबदल कायद्यानं करता येते. म्हणजे दाजींची किडनी ताईंना मिळाली नाही, तरी दाजींमुळं ताईंना किडनी मिळू शकते. मेंदूमृत दात्याच्या यादीतही रुग्णालयामार्फत आत्ताच नाव घाला.

धागाकर्ता:
ताईला दोनदा रक्त चढवलं होतं. तुमचं उत्तर दाजींना वाचून दाखवलं. त्यांनी 'दाजींमुळं ताईंना किडनी मिळू शकते' ही ओळ परत वाचायला लावली. मी सोमवारी तपासणीसाठी रक्त द्यायला जातोय, दाजीही येतायत, स्वॅपचं विचारायला.