सल्ला हवा: गॅलरीतला गलांडा नुसता माजलाय, फूल एक नाही

हौशी_माळीण

नमस्कार मंडळी. नाव माळीण घेतलंय, पण अनुभव शून्य, हे आधीच सांगते.

माझं आजोळ सासवडकडचं. मामाच्या अंजिराच्या बागेच्या कडेने गलांडा असायचा. मधे तांबडा, पाकळीच्या टोकाला पिवळा, आणि टोकाला कात्रीने कातरल्यासारख्या तीन खाचा. त्याला कुणी मुद्दाम पाणी घातलेलं मी कधी पाहिलं नाही. म्हटलं, इतकं बिनतक्रार झाड आपल्यालाही जमेल.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि पाकिटातलं बी पेरलं. कुंडीत निम्मी लाल माती, निम्मं शेणखत. वर दर पंधरा दिवसांनी चिमूटभर डीएपी, म्हणजे ते दाणेदार रासायनिक खत. झाडं दीड फूट झाली, पानं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. गेल्या आठवड्यात दोन झाडं बुडाशी काळी पडून आडवी झाली. मुलुंड, सातवा मजला. घरचे म्हणतात प्लास्टिकची आण आता. काय चुकलं?

डबेवाली_गच्ची

झेंडू लावा. दसऱ्याला उपयोगी पडेल.

हौशी_माळीण

झेंडू दादरहून येतो हो पिशवी भरून. मला गलांडाच हवाय.

वसईकर_काका

ताई, तुमच्या शीर्षकातच उत्तर आहे. झाड माजलंय. आमच्याकडे भातालासुद्धा युरिया जास्त झाला की हेच म्हणतात: नुसता पाला, दाणा नाही. निम्मं शेणखत आणि वर डीएपी हे गलांड्याला रोज श्रीखंड-पुरी घालण्यासारखं आहे. हलक्या, मुरमाड जमिनीवर वाढणारी जात ही. पोट भरलेलं असलं की फुलायची घाई कशाला करेल?

दुसरं, जून. मामाचा मळा पर्जन्यछायेत. तिथे पावसाळ्यातही पाणी पडतं आणि निथळून जातं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि कुंडीला बिचारीला तळाशी दोनच भोकं. मुळं पाण्यात राहिली की बुरशी येते आणि झाड बुडाशी काळं पडतं. ती दोन झाडं मुळासकट काढून कचऱ्यात टाका. त्यांची माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका.

पण निराश होऊ नका. ऑक्टोबर ते मे मुंबईसुद्धा कोरडीच असते. ते आठ महिने आपले. मी असं करतो:

घटस्थापनेला बायको घटात धान्य पेरते, त्याच दिवशी मी उथळ ट्रेमध्ये बी पेरतो. कोकोपीट आणि बारीक चाळलेलं गांडूळखत, निम्मं-निम्मं. बी वर भुरभुरायचं आणि जेमतेम झाकेल इतकाच थर. खोल गाडलं तर वर येत नाही. पाणी फवाऱ्याने. परतीचा पाऊस अजून फिरतो, म्हणून ट्रे छपराखाली. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, कधी पंधरवडा लागतो. दसऱ्याला घटातलं धान्य वीतभर झालेलं असतं आणि माझ्या ट्रेमध्ये दोन-दोन पानांची बारकी पोरं उभी असतात. चार-पाच खरी पानं आली की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, कुंडीत न्यायची.

कुंडी दहा इंची, एका कुंडीत एकच झाड. दोन भाग लाल माती, एक भाग जाडी रेती, एक भाग जुनं कुजलेलं खत, मूठभर निंबोळी पेंड. तळाला विटेचे तुकडे. रेती बांधकामाची चालेल, धुऊन घ्या. चौपाटीची नको, त्यात मीठ असतं. झाड वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण खुडा. तिथून चार-पाच फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला फूल येतं. नाहीतर एकच काठी वाढते आणि वाऱ्याने लोळते.

पाणी देताना बोट मातीत दोन पेरं घालायचं. ओलं लागलं तर झारी खाली ठेवायची. यापुढे खत नाही. फारच वाटलं तर फुलं सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा पातळ शेणपाणी. डीएपीचा डबा शेजाऱ्याला द्या.

पाऊणतास_ऊन

काकांचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. गॅलरीचं तोंड कुठे?

हौशी_माळीण

उत्तरेला. पण जूनमध्ये छान ऊन यायचं हो! म्हणून तर तिथे ठेवल्या कुंड्या.

पाऊणतास_ऊन

इथेच फसगत झाली.

मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैला शून्य सावली दिवस येतो. त्या दोन तारखांच्या मधे भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. म्हणून जूनमध्ये उत्तरेच्या गॅलरीत ऊन दिसतं. त्यातलंही निम्मं ढगांत जातं. २३ सप्टेंबर उलटला की २१ मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. एक तिरीपसुद्धा नाही. म्हणजे मुंबईत गलांडा लावायचे जे महिने, नेमक्या त्याच महिन्यांत तुमची गॅलरी अंधारी.

दक्षिणेचं उलटं. मे महिन्यात सूर्य माथ्यावर, वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो आणि गॅलरीत सावली. डिसेंबरमध्ये मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४७ अंशांवर असतो, स्लॅबच्या खालून थेट आत येतो. आमच्या दिवाणखान्यात जानेवारीत सोफ्यापर्यंत ऊन येतं आणि मांजर त्याच्यामागे सरकत राहतं. घरात दक्षिणेची खिडकी आहे का? समोर टॉवर किती लांब?

पाच-सहा तास सरळ ऊन मिळालं तर हे झाड फुलतं. त्याहून कमी असेल तर खत, पाणी, माया, काही कामाचं नाही.

हौशी_माळीण

अगंबाई. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आहे, ग्रिल बाहेर काढलेलं. समोर शाळेचं मैदान, टॉवर नाही. तिथे सध्या कांदे-बटाटे आणि तुटलेली खुर्ची ठेवलीय. कुंड्या ठेवायची भीती वाटते, कारण मागे एकदा ग्रिलमधल्या तुळशीचं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पैठणीवर टपकलं होतं. त्यानंतर सोसायटीच्या सभेत माझ्यावर वीस मिनिटं चर्चा झाली.

डबेवाली_गच्ची

पैठणी बाहेर वाळत घालतात?

हौशी_माळीण

मीही हेच विचारलं होतं सभेत. चुकलंच.

वसईकर_काका

प्रत्येक कुंडीखाली खोल बशी ठेवा आणि पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. साचलेलं पाणी गलांड्याला नको आणि पैठणीलाही. कुंड्या ग्रिलला तारेने बांधा. सातव्या मजल्यावरून दहा इंची कुंडी खाली गेली तर प्रकरण सभेवर थांबायचं नाही.

वर्सोवा_खारा_वारा

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी भर घालते. माझ्या खिडकीत गुलाब कधी टिकला नाही. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. गलांडा मात्र तीन वर्षं लावतेय, काही होत नाही. मूळचं ते अमेरिकेतलं रानफूल. टेक्सास, ओक्लाहोमा, उत्तर मेक्सिको हा त्याचा मुलूख. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला राज्याचं रानफूल केलं. पुढे ते किनाऱ्यांवरच्या वाळूतही पसरलं. तैवानजवळची पेंगहू बेटं खाऱ्या, सोसाट्याच्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि तिथलं मानाचं फूल हेच आहे. वर्सोव्याचा वारा त्याला काय करणार!

एक सावधगिरी. पानं लवदार असतात आणि काहींना त्यांच्या रसाने हाताला खाज येते, पुरळ उठतं. माझ्या नवऱ्याला उठतं, मला नाही. पहिल्यांदा खुडताना हातमोजे घाला. (नवऱ्याने या पुरळाच्या जोरावर बागकामातून कायमची सुट्टी मिळवलीय, ते वेगळं.)

कोरा_वहीवाला

बी कुठून घ्यावं? आमच्या देव्हाऱ्यातल्या हारात गलांडा असतो. फुलं वाळवून त्याचंच बी पेरलं तर?

वसईकर_काका

हारातली फुलं ऐन भरात, बी भरायच्या आधी तोडलेली असतात. त्यातलं बी बहुतेक पोचट निघतं. मीही करून पाहिलंय. पन्नासातलं एक आलं. बी हवं तर फूल झाडावरच पिकू द्यावं लागतं.

रोपं तयार हवी असतील तर भायखळ्याच्या आसपासच्या नर्सऱ्या फिरा. पण घेताना फुललेलं रोप उचलू नका. तीन इंची पिशवीत फूल असलेलं झाड म्हणजे मुळं पिशवीत गुंडाळून दमलेलं झाड. बुटकं, कळी न आलेलं, रुंद असेल ते घ्या. आणि विचारून घ्या: दुहेरी पाकळ्यांचं, गोंड्यासारखं की साधं एकेरी? तुमच्या मामाकडचं एकेरी. बाजारात दुहेरी जास्त मिळतं.

रानवाट

विषय रानफुलांचा आहे म्हणून मधेच बोलतो. कुणी "सोपं फूल" म्हणून पिवळा-केशरी कॉसमॉस सुचवायच्या आधी: कुंडीत हरकत नाही, पण त्याचं बी घेऊन ट्रेकला जाऊन "निसर्गात उधळू" नका. मूळचा मेक्सिकोचा तो, पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेने बेसुमार पसरलाय आणि आपल्या गवताफुलांची जागा खातोय. गलांडाही परकाच. त्यालाही कुंडीतच ठेवा.

आणि सोनकी, तेरडा पठारावरून उपटून आणू नका. दरवर्षी पावसाळा संपताना कुणीतरी सोनकीचं रोप पिशवीत घेऊन येतं आणि आठवड्यात ते मरतं. सोनकीच्या शास्त्रीय नावात मुंबई आहे, बॉम्बेएन्सिस, म्हणून ती मुंबईच्या खिडकीत जगेल असं नाही.

डबेवाली_गच्ची

तेरड्याचा रंग तीन दिवस असं आमची आजी म्हणायची.

हौशी_माळीण

सगळ्यांचे आभार. उत्तरेच्या गॅलरीतली उरलेली तीन झाडं दक्षिणेच्या ग्रिलमध्ये हलवू का, की सोडून देऊ?

पाऊणतास_ऊन

एकदम उन्हात ठेवलीत तर भाजतील, सावलीतली आहेत ती. आठवडाभर रोज तासातासाने वाढवा. निम्म्या उंचीवर छाटा. जगली तर जगली. पण नवीन बी पेराच.

हौशी_माळीण

(जानेवारी)

वर आणतेय धागा. तीनपैकी एक जगलं. घटस्थापनेच्या ट्रेमध्ये एकवीस रोपं आली. सहा ठेवली, बाकीची वाटली. दोन खालच्या काकूंना दिली. खुर्ची भंगारवाल्याला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहिलं फूल आलं. तिळगुळाचं ताट तसंच ठेवून दहा मिनिटं खिडकीत उभी होते. पाकळीच्या तिन्ही खाचा आहेत, मोजल्या.

आता शंका. पाकळ्या गळलेल्या फांदीवर एक गोल, तांबूस, केसाळ गोळी राहिलीय. शेजारीच दुसरी, चपटी, हिरवी. दोन्ही कळ्याच का? मी दोन गोळ्या जपून ठेवल्यात.

वर्सोवा_खारा_वारा

गोल, केसाळ, हाताला टोचणारी म्हणजे फुलून गेलेलं फूल. त्यात बी धरतंय. चपटी, मऊ, हिरव्या पानांनी झाकलेली ती कळी. सगळेच एकदा फसतात, मी पहिल्या वर्षी कळ्याच कापत होते! केसाळ गोळ्या खालच्या पानाच्या जोडाशी कापा, की झाड पुन्हा कळ्या काढतं. नाहीतर त्याला वाटतं काम झालं.

वसईकर_काका

एक-दोन गोळ्या राहू द्या पुढच्या वर्षासाठी. करड्या झाल्या, बोटाने दाबल्यावर सुटायला लागल्या की कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये नको, दमटपणाने बुरशी धरते. फ्रिजच्या दारात ठेवा. मार्चपासून ऊन वाढेल, मग पाणी रोज, सकाळी, आणि पानांवर नाही. पानांवर पांढरी पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं काढा आणि कुंड्या लांब-लांब करा, हवा खेळू द्या. शेंड्यावर मावा आला तर आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा.

हौशी_माळीण

नोंद केली. पण भुरी-माव्याच्या आधीच शत्रू आलाय. कबुतरं. काल एक जोडपं चौथ्या कुंडीत बसून काड्या जमवत होतं. फांदी मोडली. जाळी लावायची तर ऊन अडेल ना?

डबेवाली_गच्ची

जुन्या खराट्याच्या काड्या घ्या, वीत-वीत उंचीच्या, आणि मातीत दोन-दोन बोटं अंतरावर उभ्या खोचा. कबुतराला बसायला सपाट जागाच उरत नाही. ऊन अडत नाही, पैसा लागत नाही. माझा झेंडू तसाच वाचलाय.

हौशी_माळीण

खराटा आहे. लगेच करते.