मदत हवी आहे: नवा हलका लॅपटॉप ठेवू की परत करू?

मंडळी, जुना अडीच किलोचा धोंडा बोरिवली-चर्चगेट वाहून खांदा गेला, म्हणून शेवटी १४ इंची बिझनेस लॅपटॉप घेतला. वजन जेमतेम १ किलो. पहिल्याच दिवशी दादरला गर्दीत बॅग चाचपून पाहिली, लॅपटॉप घरी राहिला की काय!

कीबोर्ड झकास आहे, टाइप करताना बोटं दुखत नाहीत. स्क्रीन चकचकीत नाही, त्यामुळे खिडकीशी बसूनही एक्सेल दिसतं. झाकण मात्र एका कोपऱ्यात धरून उचललं की किंचित वाकतं. हलकेपणाची किंमत म्हणायची.

आता अडचण. रॅम १६ जीबी, पण मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवता येणार नाही. माझं काम टॅली, मोठ्या एक्सेल फाइली, वीसेक टॅब आणि मधूनच व्हिडिओ कॉल. पाच वर्षं निभेल का? की आत्ताच ३२ वालं घ्यावं? परत करायला चारच दिवस उरलेत.

दुसरं, सोबतचा चार्जर ६५ वॉटचा टाइप-सी आहे. ऑफिसात फोनचा २५ वॉटचा लावला तर 'स्लो चार्जर' असा इशारा येतो आणि काम चालू असताना बॅटरी उतरतच राहते. असा रोज लावला तर काही बिघडेल का? आणि दिवसभर प्लगलाच असतो, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू ठेवता का तुम्ही?

कृपया वापरणाऱ्यांनीच सांगा. दुकानदाराचं ऐकून झालंय.