मदत हवी आहे : दिंडीच्या ट्रकचे ठिकाण दाखवणाऱ्या ॲपसाठी गुगल प्लेला द्यायचा प्रात्यक्षिक व्हिडिओ

नमस्कार.

आमच्या दिंडीसाठी तयार केलेले एक ॲप गुगल प्लेवर मंजुरीसाठी पाठवायचे आहे. त्याच्या अर्जासोबत द्यावा लागणारा प्रात्यक्षिक व्हिडिओ कसा चित्रित करावा, याबाबत हे काम केलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे. ॲप लहान आहे, पण ते वापरणारे बरेच जण साठी-सत्तरीचे आहेत. त्यांच्या फोनवर फाईल पाठवून अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी द्यायला लावणे मला पटत नाही, म्हणून प्रस्थानाआधी ॲप प्ले स्टोअरवरच उपलब्ध असावे अशी मनापासून इच्छा आहे.

आधी ॲपची गरज सांगतो, कारण व्हिडिओत तीच दाखवायची आहे. माउलींच्या सोहळ्यात दिंडी पायी चालते आणि राहुट्या, भांडी, शिधा, वळकट्या घेऊन ट्रक पुढच्या मुक्कामी निघून जातो. पुण्याहून सासवडच्या वाटेवर दिवे घाट चढून आलेल्या माणसाला, पाय भरून आलेले असताना, त्या गर्दीत आपला ट्रक आणि आपली राहुटी शोधत हिंडावे लागते. वाखरीला तर संतांच्या पालख्या एकत्र येतात, तेव्हा एकसारख्या शेकडो ट्रकांमधून आपला ओळखणे तरण्या माणसालाही जड जाते. उपाय साधा आहे. ट्रकच्या केबिनमध्ये एक फोन चार्जरला लावलेला असेल, चालक निघताना ‘ठिकाण कळवणे सुरू करा’ हे बटण दाबेल, आणि दिंडीतल्या लोकांना आपापल्या फोनवरच्या नकाशात ट्रक दिसेल. मुक्कामी पोहोचल्यावर चालक तेच बटण दाबून ठिकाण कळवणे बंद करील.

वाटेत त्या फोनची स्क्रीन बंद असते आणि ॲप समोर नसते, तरी ठिकाण कळत राहिले पाहिजे. शिवाय फोन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर चालकाला काही न करता सेवा आपोआप चालू व्हावी, असा विचार करून मी बॅकग्राउंड लोकेशनची (ॲप समोर नसतानाही ठिकाण घेण्याची) परवानगी घेतली आहे. अँड्रॉइड १० पासून ही परवानगी वेगळी झाली, आणि अँड्रॉइड ११ पासून ती स्क्रीनवर उघडणाऱ्या परवानगीच्या नेहमीच्या चौकटीत देताच येत नाही. वापरकर्त्याला सेटिंग्जच्या पानावर जाऊन ‘नेहमी’ हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. अशा ॲपसाठी प्ले कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गुगल प्लेच्या संकेतस्थळावर) एक घोषणापत्र भरावे लागते. ही परवानगी ज्यासाठी हवी ते एक वैशिष्ट्य त्यात सांगायचे असते आणि व्हिडिओचा दुवा द्यायचा असतो. व्हिडिओत तीन गोष्टी दिसाव्या लागतात: परवानगी मागण्याआधीची ठळक सूचना, प्रत्यक्ष परवानगीची चौकट, आणि ॲप समोर नसताना चालणारे ते वैशिष्ट्य. व्हिडिओ ३० सेकंदांच्या आत असावा, अशी गुगलची शिफारस आहे.

माझी पहिली अडचण या ३० सेकंदांचीच आहे. ॲप लोकेशनची माहिती गोळा करते, ती कशासाठी, आणि ॲप बंद असताना किंवा वापरात नसतानाही गोळा करते, हे सगळे त्या सूचनेत स्पष्ट लिहावे लागते. मी ती सावकाश वाचता येईल अशी मोठ्या अक्षरांत ठेवली आहे आणि ‘मान्य आहे’ म्हटल्याखेरीज पुढे जाता येत नाही. ती वाचायला वेळ दिला, सेटिंग्जच्या पानावर जाऊन येणे दाखवले, की ट्रक हललेला दाखवायला वेळच उरत नाही. व्हिडिओचा वेग वाढवला तर तपासणाऱ्याला तो संपादित केलेला वाटून संशय येईल का?

दुसरी अडचण स्क्रीन बंद असतानाची आहे. फोनचे स्वतःचे स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असताना फोन लॉक केला, तर माझ्या चाचणीच्या फोनवर रेकॉर्डिंगच थांबते. जुन्या फोनवर ते चालू राहिले तरी दाखवायला उरते काय? अशा वेळी दोन फोन टेबलावर शेजारी ठेवून, एक चालकाचा आणि एक वारकऱ्याचा, वरून तिसऱ्या कॅमेऱ्याने चित्रण केलेले चालते का? की स्क्रीनचे थेट रेकॉर्डिंगच अपेक्षित असते?

तिसरी अडचण भाषेची आहे. ॲप पूर्णपणे मराठीत आहे आणि ते तसेच राहावे असे मला ठामपणे वाटते, कारण संमती ज्याच्याकडून घ्यायची त्याला ती समजली पाहिजे. पण तपासणाऱ्याला मराठी येत असेल असे धरून चालता येणार नाही, आणि दिंडी म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नसेल. खाली इंग्रजी उपशीर्षके द्यावीत की केवळ व्हिडिओसाठी सूचनेचा इंग्रजी अनुवाद दाखवावा?

प्रतिसाद

तुमची गरज खरी आहे आणि तुम्ही ती नीट मांडली आहे. तरीही व्हिडिओकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा: तुम्हाला बॅकग्राउंड लोकेशनची परवानगी मुळात लागते का? चालक स्वतः बटण दाबून काम सुरू करतो आणि स्वतःच ते थांबवतो. असे काम लोकेशन प्रकारच्या फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये, म्हणजे वापरकर्त्याला दिसेल अशा रीतीने चालू राहणाऱ्या सेवेत, बसते. ॲप समोर असताना ही सर्व्हिस सुरू केली, तर स्क्रीन बंद झाल्यावरही ‘ॲप वापरताना’ एवढ्याच परवानगीवर ठिकाण मिळत राहते, आणि वर सूचनापट्टी (नोटिफिकेशन) असल्यामुळे काय चालू आहे ते चालकाला कळते. हेच काम बॅकग्राउंड लोकेशनशिवाय करता येईल का, याचा विचार गुगलच्या तपासणीत होतोच. तुमच्या ॲपला तो प्रश्न विचारला गेला, तर उत्तर ‘होय’ असेच येईल.

फोन बंद पडून पुन्हा सुरू होण्याचा प्रश्न उरतो. त्यासाठी ट्रकचे ठिकाण काही वेळ आले नाही, तर तुमच्या सर्व्हरवरून चालकाला ‘ॲप उघडून पुन्हा सुरू करा’ असा संदेश पाठवा. एका दाबाचे काम आहे. तेवढ्यासाठी दिवसरात्र ठिकाण घेण्याची परवानगी मागणे चालकाच्याही दृष्टीने जास्त होते. ट्रक मुक्कामी लागल्यावर चालक कुठे जातो हे दिंडीला कळण्याचे कारण नाही.

यामुळे व्हिडिओ टळत मात्र नाही. अँड्रॉइड १४ आणि त्यापुढील आवृत्ती लक्ष्य असलेल्या ॲपला प्रत्येक फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार प्ले कन्सोलमध्ये जाहीर करावा लागतो. ते काम लांबले किंवा मध्येच तुटले तर वापरकर्त्यावर काय परिणाम होतो, हे लिहावे लागते, आणि ते वैशिष्ट्य सुरू करण्याच्या पायऱ्या व्हिडिओत दाखवाव्या लागतात. पण सेटिंग्जच्या पानावरची फेरी वाचते आणि तुमची वेळेची अडचण बहुतांशी सुटते. ठळक सूचना काढू नका, कारण ॲप समोर नसताना ठिकाण गोळा होणारच आहे.

चित्रणाबद्दल माझे मत असे की वेग वाढवू नये. संथ जागा सरळ कापाव्यात, पण सूचना, चौकट आणि संमती हा भाग सलग ठेवावा. दर वेळी चित्रणाआधी ॲप काढून पुन्हा बसवा, कारण एकदा दिलेली परवानगी पुन्हा विचारली जात नाही, आणि अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाकारली तर चौकट येतच नाही. फोनच्या सेटिंग्जमधील डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्पर्श दाखवण्याची सोय चालू करा, म्हणजे बोट कुठे पडले ते दिसते. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी मागावी लागते. ती चित्रणात द्या, नाहीतर तुमची सूचनापट्टीच दिसणार नाही. तिसऱ्या कॅमेऱ्याची तुमची कल्पना मला योग्य वाटते: संमतीपर्यंतचा भाग स्क्रीन रेकॉर्डिंगचा ठेवा आणि त्याला दोन फोनचे चित्रण जोडा. त्यात चालकाचा फोन लॉक होताना दिसावा आणि वारकऱ्याच्या फोनवर खूण सरकताना दिसावी. त्यासाठी खरोखर गाडीतून थोडे अंतर जा. एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) मार्ग चालवता येतो, पण लॉक झालेला खरा फोन अधिक बोलतो.

ॲप मराठीच ठेवा. खाली इंग्रजी उपशीर्षके द्या आणि सूचनेचा शब्दशः अनुवाद घोषणापत्रातही लिहा. व्हिडिओसाठी वेगळी इंग्रजी स्क्रीन बनवलीत, तर व्हिडिओत एक आणि ॲपमध्ये दुसरे असे होईल, आणि तपासणीत नेमके तेच खटकेल. यूट्यूबवर व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ ठेवला तर तपासणाऱ्याला तो उघडणार नाही. नकाशावर कोणाचे नाव किंवा मोबाईल क्रमांक दिसू देऊ नका. लॉगिन ओटीपीने होत असेल, तर प्ले कन्सोलमधील ॲप ॲक्सेसच्या भागात ठरावीक ओटीपी असलेले चाचणी खाते द्या. आणि प्ले कन्सोलमध्ये अंतर्गत चाचणीच्या ट्रॅकवर (आवृत्ती ठेवण्याच्या वेगळ्या विभागात) जुनी परवानगी असलेली आवृत्ती पडून असेल तर तीही बदला, कारण नियम सर्व ट्रॅकना लागू असतो.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. फोरग्राउंड सर्व्हिसचा मार्ग मला पूर्ण पटला आणि ट्रक मुक्कामी लागल्यानंतरच्या चालकाच्या खाजगीपणाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटला, त्यामुळे बॅकग्राउंड लोकेशनची परवानगी काढून टाकतो आहे. काम तुटल्यास होणाऱ्या परिणामाबद्दल पुढील मजकूर इंग्रजीत अनुवाद करून देण्याचा विचार आहे: ‘ट्रक चालू असताना त्याचे ठिकाण कळणे थांबले, तर दिवसभर पायी चालून आलेल्या ज्येष्ठ यात्रेकरूंना त्यांचा तंबू, जेवण आणि औषधे असलेले वाहन गर्दीत सापडत नाही, माहिती उशिरा मिळाल्यास वाहन पुढे गेलेले असते आणि ते चुकीच्या जागी शोध घेतात.’ एवढे पुरेसे आहे का, की चालक सेवा कशी थांबवतो हेही येथेच लिहावे?