ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रिया: कारण वैद्यकीय की आर्थिक?

प्रश्न:
बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. यामागे केवळ जंतुसंसर्ग आहे, की मजुरीच्या पद्धतीतच काही दोष आहे?

प्रतिसाद १:
संसर्ग खराच आहे, परंतु त्यावरचा उपचार कोणता निवडला जातो, हे पैशांवर ठरते. हिशेब ‘कोयत्या’चा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा असतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत फड, म्हणजे तोडणीचे शेत, सोडता येत नाही आणि एक खाडा (गैरहजेरी) पडला की मजुरी बुडतेच, शिवाय दंडही कापला जातो. अशा स्थितीत पाळीचे दुखणे हे दुखणे न राहता कर्जात पडणारी भर ठरते.

प्रतिसाद २:
फडालगतच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, मी पाहिल्या आहेत. न्हाणीला आडोसा म्हणून बांबूंना दोन जुन्या साड्या गुंडाळलेल्या होत्या आणि पाणी शेतातल्या पाटाचे. तेथे ‘स्वच्छता पाळा’ असे सांगणाऱ्याने आधी नळ कोठे आहे, ते दाखवावे!

प्रतिसाद ३:
दोन्ही मुद्दे मान्य. तरीही कर्करोगाची भीती घालून तिशीतल्या स्त्रीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणारे काही खासगी डॉक्टर या चर्चेतून निसटू नयेत. त्या खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली जाते.

प्रश्नकर्ता:
म्हणजे खाड्याचा दंड आधी बंद व्हायला हवा. आजारपणाची भरपगारी रजा मिळाली, तर किती जणी शस्त्रक्रियेला तयार होतील?