मदत हवी आहे: मुलांच्या अंकात पानोपानी चढणारं पाणी. मांडणीतली चूक म्हणू की विचार?

मराठीच्या बाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शाळेचं नाव देत नाही, कारण अंक अजून छापायचाय आणि आमच्या स्टाफरूममधले एकदोघं तरी इथे वाचत असणार.

दरवर्षी वार्षिक अंक आम्ही शिक्षकच लावायचो आणि मुलांच्या नावावर खपवायचो. यंदा नववीच्या मुलांवर सगळं सोडलं, लेख गोळा करण्यापासून पानं लावण्यापर्यंत. विषय गोदावरी. आतली ३२ पानं, वर मुखपृष्ठ, आकार ए-फोर. आता माझ्यापुढे गुणांचा तक्ता आहे: मजकूर ४०, शुद्धलेखन २०, चित्रं २०, मांडणी २०. पहिले तीन रकाने भरून झाले. चौथ्यात पेन चार दिवस अडलंय.

अंक कसा आहे ते सांगते. प्रत्येक पानाच्या तळाशी निळ्या पाण्याचा पट्टा. बाहेरच्या कोपऱ्यात दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली दोन तोंडांची मूर्ती), चारेक बोटं उंच. डाव्या पानावर त्याचं एक तोंड, उजव्या पानावर दुसरं, आणि छातीवर पानाचा नंबर. नाशिककरांना सांगायला नको, पूर किती आला हे आपण मारुतीवरूनच मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पहिली वीस पानं पाणी खालच्या समासात गपगुमान असतं. विसाव्या पानावर लेख आहे गंगापूर धरणाचा. तिथून विसर्ग सुरू (हा मुलांचाच शब्द) आणि मग दर पानाला बोटभर पाणी चढतं. तेविसाव्या पानावर मारुती बुडतो. बत्तिसाव्या पानावर वर जेमतेम तीन-चार बोटं कोरडी राहतात.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

पण मग वाचायला बसले. तेविसाव्या पानापासून मजकूर पाण्याखाली. गडद निळ्यावर काळी अक्षरं. मारुतीबरोबर पानांचे नंबरही बुडालेत, त्यामुळे अनुक्रमणिकेत 'पान २८' बघून पान २८ शोधायचं तर बोटं मोजत बसायचं. आणि नेमका २८ वरच अंकातला सगळ्यात चांगला लेख आहे: ऑगस्ट २०१६ च्या पुरात एका मुलाच्या वडिलांचं भांडीबाजारातलं दुकान. मी म्हटलं, "अरे, हे वाचता येत नाहीये." तर संपादक मंडळातला एक जण म्हणाला, "बाई, पुरात कुठं वाचत बसतं कुणी?"

मला उत्तर सुचलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, निळा पट्टा काढा आणि नेहमीसारखी वेलबुट्टीची चौकट द्या. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते गुणांच्या भाषेत सांगता येत नाही. मी मराठीची, चित्रकलेची नाही. बाकी बारीकसारीक आहेच: शीर्षकांना नऊ प्रकारचे फॉन्ट, कविता सगळ्या मध्यावर, मुखपृष्ठावरचा ल हिंदीतला. ते मी सांगू शकते. या पाण्याचं काय करू? जाणकारांनी सांगावं.

जुना_कंपोझिटर

बाई, नमस्कार. नाशिकरोडला तीस वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिकेपासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत. कल्पना झकास आहे. पण छापखान्यात गेल्यावर ती कशी दिसेल, तेवढंच मी बोलतो.

पहिली गोष्ट मुलांच्या लक्षात आलेली नाही असं दिसतं. पाणी दर पानाला चढतंय, म्हणजे अंक उघडल्यावर डाव्या पानावर एक पातळी आणि उजव्या पानावर बोटभर वर. मधल्या घडीवर पायरी दिसणार. पाण्याला पायरी नसते. समोरासमोरची दोन पानं एक धरा आणि जोडीजोडीने चढवा: २०-२१, २२-२३, असं. शेवटचं ३२ एकटं. म्हणजे सात टप्पे होतात, बोटाऐवजी दोन बोटं चढवा, शेवट जवळपास तिथेच येतो.

दुसरं, पट्टा कागदाच्या कडेपर्यंत जातोय, तर तीन मिलीमीटर ब्लीड हवं, म्हणजे रंग कापायच्या रेघेच्या बाहेर तेवढा वाढवायचा. नाहीतर कटिंगमध्ये पट्ट्याच्या कडेला पांढरी रेघ राहते. मुलांनी पानं कॅन्व्हात लावली असतील तर पीडीएफ प्रिंट काढताना ब्लीडची आणि क्रॉप मार्क्सची (कुठे कापायचं त्या रेघांची) खूण करायला सांगा. शाळेच्या प्रिंटरवर नमुना काढाल तर कडेला पांढरं राहणारच, त्याने घाबरू नका.

तिसरं कागद. सत्तर जीएसएमचा (म्हणजे पातळ) मॅपलिथो, हा छपाईचा साधा कागद, घेतलात तर पाठच्या पानावरचं पाणी पुढच्या पानावर झिरपलेलं दिसेल. शंभरच्या आसपासचा घ्या. ३२ पानं म्हणजे चारच्या पाढ्यात बसतात, सेंटर पिनला, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारायला, अडचण नाही. आणि चार रंगांत छापायची गरजच काय? काळा आणि निळा, दोनच शाया. खर्च वाचतो आणि अंकाला अंगचा रंग येतो. फक्त अक्षर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा बारीक अक्षरात हलला की मात्रा-वेलांट्यांना रंगीत सावली पडते.

मजकुराखालचं निळं दहा-पंधरा टक्क्यांवर आणा, वाचता येईल.

फळा_खडू

मी चित्रकला शिकवतो, त्र्यंबकच्या बाजूला. कंपोझिटरसाहेबांचं पायरीचं निरीक्षण शंभर नंबरी. पण दहा टक्क्यांवर माझी तक्रार आहे. दहा टक्के निळं म्हणजे पूर नाही, सरबत.

बाई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. चूक आणि निवड यांतला फरक कागदावर बऱ्याचदा दिसतच नाही. मी मुलांना एकच विचारतो: याआधी दुसरं काय करून पाहिलंत, आणि ते का टाकलंत? निवड केली असेल तर टाकलेल्या कागदांचा गठ्ठा असतो. चूक असेल तर "सर, ते तसंच आलं" असं उत्तर येतं. नऊ फॉन्टांचं विचारून बघा, तुम्हाला हे दुसरं उत्तर मिळेल, पैज लावतो.

"पुरात कुठं वाचतं कुणी" हे उत्तर हुशार आहे, पण ते नंतर सुचलेलं आहे की आधी, हे तपासा. आधीच ठरवलं असतं तर त्यांनी पान २८ वर कमी महत्त्वाचा मजकूर ठेवला असता किंवा मुद्दाम अर्धवट ओळी लावल्या असत्या. आपला सगळ्यात चांगला लेख कुणी जाणूनबुजून बुडवत नाही.

आणि अंक एखाद्या तिऱ्हाइताच्या हातात द्या. काहीही न सांगता. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे डोळे बारीक करतो, नुसतं बघत बसा. मुलांनाही बघू द्या, पण मध्ये बोलायचं नाही. त्यांना हे फार जड जातं.

रकान्याबद्दल: २० गुणांचे दोन तुकडे करा. दहा कल्पनेला, दहा वाचनाला. एकत्र ठेवलंत की एक दुसऱ्याला खाणार.

पालक_सिडको

आमच्या वेळी हस्तलिखित असायचं, एकच प्रत, ती वाचनालयात साखळीला बांधल्यासारखी. अक्षर सुंदर असलेल्या चार मुली लिहायच्या. मांडणी वगैरे शब्द कुणाला ठाऊक नव्हते.

माझं सरळ म्हणणं: अंकाचे पैसे पालक देतात. घरी आजी-आजोबा नातवाचं नाव शोधतात. त्यांना वाचता आलं नाही तर कल्पना गेली गोदेत.

मराठीच्या बाई

@पालक_सिडको, तुमचं चुकीचं नाही. माझ्या वडिलांना मी तेविसावं पान दाखवलं, त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि पेपर उचलला.

@फळा_खडू सर, उद्याच विचारते.

@जुना_कंपोझिटर, पायरीचं वाचून मी अंक उघडला आणि आता मला पायरीशिवाय काही दिसतच नाही. मुलांना सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "घाटाला पायऱ्या असतात की." मी म्हटलं, घाटाला असतात, पाण्याला नाही. तिने मान्य केलं, पण चेहरा पाडून.

जुना_कंपोझिटर

हजरजबाबी आहे पोरगी. तिला प्रूफरीडिंगला बसवू नका, प्रत्येक चुकीचं समर्थन करेल.

मराठीच्या बाई

चार दिवसांनी परत येतेय. थोडं लांबेल, क्षमस्व.

सरांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं. पाण्याबद्दल विचारताच एका मुलाने दप्तरातून तीन डमी, म्हणजे अंकाचे कच्चे नमुने, काढल्या. एकीत पाऊस वरून खाली येत होता, ती टाकली कारण शीर्षकं भिजल्यासारखी दिसत होती आणि "पाऊस सगळीकडेच पडतो, मारुती फक्त नाशकात आहे." दुसरीत पाणी सगळ्या पानांवर सारखं, ती टाकली कारण "मग ती नुसती बॉर्डर झाली." (मुख्याध्यापिकाबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.) तिसरीत पाणी पहिल्या पानापासून चढत होतं, पण दहाव्या पानावरच मारुती बुडाला आणि पुढे बुडवायला काही उरलं नाही. म्हणून वीस पानं थांबले. हे ऐकून माझा कल्पनेचा रकाना भरला.

फॉन्टांचं विचारलं. "बाई, प्रत्येकाने आपापलं पान लावलं." सर, पैज जिंकलात.

मग तिऱ्हाईत. आमच्या शाळेतल्या सेवक मावशी पंचवटीत राहतात. त्यांच्या हातात अंक दिला, संपादक मंडळ ओठ दाबून मागे उभं. मावशी चित्रं बघत पानं उलटत गेल्या. तेविसाव्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "गेला मारुती." कुणी काही सांगितलं नव्हतं. मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागली. मग आलं पान २८. मावशींनी पान उजेडाकडे धरलं, जवळ नेलं, लांब नेलं, आणि अंक परत दिला. "ह्ये काय लिवलंय, दिसंना." ज्याच्या वडिलांचं दुकान, तो मुलगा तिथेच उभा होता.

त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. रंग फिका करायचा का, यावर वाद झाला. सरबताचा मुद्दा मी तुमचं नाव न घेता मांडला. शेवटी ती घाटाच्या पायऱ्यांवाली मुलगी म्हणाली, "पाणी आलं की आपण वरच्या मजल्यावर जातो ना? मजकूर पण जाईल." म्हणजे निळं तसंच गडद, पण अक्षरं पाण्याच्या वर. पाणी चढेल तसा मजकूर वर सरकत, आक्रसत जाणार. मारुती बुडाला की पानाचा नंबरही वरच्या कोपऱ्यात जाणार.

अर्थात जागा कमी झाली. पान २८ चा लेख साडेचारशे शब्दांचा, आता जागा दोनशेची. तो मुलगा दोन दिवस कापायला तयार नव्हता. मग स्वतःच कापून आणला. दुकान कधी घेतलं, कुणाकडून घेतलं, ते सगळं गेलं. पहिलं वाक्य आता असं आहे: "बाबा शटर उघडत नव्हते, कारण आतून भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता." आधी हे तिसऱ्या परिच्छेदात होतं.

आता नवा घोळ. गुण पहिल्या अंकाला द्यायचे की या अंकाला? आणि फॉन्ट कुठला सुचवू?

फळा_खडू

दोन्ही अंक समोर ठेवून या अंकाला द्या. मी असतो तर कल्पनेला ९, वाचनाला ७. ते तीन गुण नऊ फॉन्टांचे कापले समजा. पहिला अंक फेकू देऊ नका, तो त्या डम्यांबरोबर दप्तरात जाऊ द्या.

जुना_कंपोझिटर

फॉन्टचं: मजकुराला एक, शीर्षकांना एक, बास. गुगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरी मराठी फुकट आहे. त्याची हिंदी आणि संस्कृत अशी वेगळी भावंडं आहेत, ती उचलू नका, मराठीच घ्या. तुमचा ल त्यातच मिळेल.

ओळींमध्ये अंतर जरा सैल ठेवा, आपल्याकडे वर रफार-मात्रा आणि खाली उकार, दोघांना जागा लागते. मजकूर आक्रसायचा म्हणून मुलं अक्षरांतलं अंतर कमी-जास्त करतील, ते करू देऊ नका. शिरोरेघ तुटते नाहीतर अक्षरं एकमेकांवर चढतात. आणि दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट नको. अरुंद जागेत मराठी शब्द लांब, मध्ये खिंडारं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

बत्तिसाव्या पानावर काय ठेवलंय? वर तीन बोटं जागा म्हणालात.

मराठीच्या बाई

तिथे मजकूर नाहीच. गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा काढलीय, पाण्याला टेकेल न टेकेल अशी. एवढंच.

जुना_कंपोझिटर

वा. घंटा वरच्या कडेपासून पाच मिलीमीटर तरी खाली घ्या, नाहीतर कटिंगमध्ये जाईल.