चवदार तळ्यावरील शालेय प्रकल्प : विश्वसनीय संदर्भ कोठे शोधावेत आणि कसे नोंदवावेत?

पनवेलकर_पालक

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिने महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह हा विषय निवडला, कारण आमचे मूळ गाव महाड तालुक्यात आहे आणि माझे आजेसासरे त्या वेळी महाडला भरलेल्या परिषदेला गेले होते असे घरात नेहमी सांगितले जाते. तिने पंधरा पानांची वही मोठ्या उत्साहाने पूर्ण केली. बाईंनी मात्र ती परत पाठवली असून चार ठिकाणी समासात लाल शाईने 'आधार?' एवढाच शब्द लिहिला आहे.

पहिला 'आधार?' उपस्थितांच्या संख्येपाशी आहे. मुलीने दहा हजार लिहिले होते. मी स्वतः शोधले तेव्हा कोठे अडीच हजार, कोठे पाच हजार, तर कोठे दहा हजार असे आकडे मिळाले आणि यांपैकी एकाही संकेतस्थळाने आपला आकडा कोठून घेतला हे सांगितलेले नाही. दुसरा 'आधार?' मनुस्मृतिदहन २० मार्चला झाले या वाक्यापाशी आहे. तिसरा एका चित्राखाली आहे, ज्याला मुलीने 'सत्याग्रहाचे छायाचित्र' असे म्हटले होते. चौथा सासऱ्यांच्या आठवणीपाशी आहे. त्यांचे वडील परिषदेहून परतले तेव्हा त्यांच्या डोक्याला फडके बांधलेले होते, असे ते सांगतात. सासरे आज ८४ वर्षांचे आहेत.

शेवटच्या पानावरील संदर्भसूचीत 'गुगल' आणि 'विकिपीडिया' असे दोनच शब्द होते. ती सुधारण्यासाठी मुलीने संगणकावरील एका लेखन-साहाय्यकाकडून सहा पुस्तकांची सुबक यादी करून घेतली, पण त्यांतील दोन पुस्तके कोणत्याच ग्रंथालयाच्या सूचीत सापडत नाहीत. आमच्याकडे तीन आठवडे आहेत. कोणते संदर्भ ग्राह्य धरावेत, ते कोठे मिळतील आणि ते लिहिण्याची रीत कोणती, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खडू_फळा

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. प्रथम आपल्या मुलीच्या बाईंचे कौतुक करतो, कारण 'आधार?' असे विचारण्यासाठी वही वाचावी लागते आणि बहुतेक वह्या वजनावर तपासल्या जातात.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत लवकर सुटतो. महाडला १९२७ मध्ये दोन वेगवेगळ्या परिषदा झाल्या आणि आंतरजालावरील निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी भरली आणि २० मार्चला डॉ. आंबेडकरांसह प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. मनुस्मृतीचे दहन डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेत, २५ तारखेला झाले. त्या वेळी तळ्यावर पुन्हा सत्याग्रह का झाला नाही, याचे उत्तर न्यायालयीन कागदांत आहे. काही सवर्ण रहिवाशांनी दावा दाखल केला होता आणि न्यायालयाने १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. तो खटला पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्या बाजूने निकाल लागला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादिकालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. मुलीने हा निकाल मिळवून त्यातील एक परिच्छेद जरी वाचला, तरी तिच्या वहीत असे एक अस्सल साधन येईल जे वर्गात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

आता साधनांच्या प्रतवारीविषयी. घटनेच्या सर्वांत जवळचे छापील साधन 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक होय. त्याचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी निघाला. त्याचे आणि डॉ. आंबेडकरांच्या त्याआधीच्या 'मूकनायक' या पत्राचे अंक महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० मध्ये एकत्र पुनर्मुद्रित केले आहेत. धनंजय कीर आणि चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी लिहिलेली डॉ. आंबेडकरांची चरित्रे दुय्यम साधनांत मोडतात, पण ती जबाबदारीने लिहिलेली आहेत. मराठी विश्वकोशातील नोंद त्यानंतर घ्यावी. तिचा विशेष असा की नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे विधान कोणाचे हे सांगता येते.

ग्रंथपाल_कोकण

मी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम करते, म्हणून शोधण्याच्या कामापुरतेच लिहिते.

एक साधी अडचण पालकांच्या लक्षात येत नाही. रायगड जिल्हा हे नाव १९८१ पासूनचे आहे. त्यापूर्वी तो कुलाबा जिल्हा होता. जुन्या सूच्यांत, अहवालांत किंवा दर्शनिकेत (गॅझेटियरमध्ये) 'रायगड' शोधले तर किल्ला सापडतो, महाडचा सत्याग्रह सापडत नाही. 'कुलाबा' आणि 'महाड' हे दोन्ही शब्द शोधावेत. कुलाबा जिल्ह्याची जुनी दर्शनिका १८८३ ची आहे. तिच्यात १९२७ ची घटना असणे शक्य नाही, परंतु शहर कसे होते हे सांगायचे असल्यास तिचा उपयोग होतो. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने हीच दर्शनिका सत्याग्रहाचा आधार म्हणून लिहून आणली होती. सन पाहिला असता तर त्याची फेरी वाचली असती.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा अलिबागच्या जिल्हा ग्रंथालयात जाताना शाळेचे पत्र सोबत न्यावे. संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत, म्हणून मुलीने वहीत आधी पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ उतरवावे आणि मगच मजकुराकडे वळावे. लेखक, संपादक, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि आवृत्ती ही माहिती तेथे व त्यामागच्या पानावर असते. भ्रमणध्वनीवर मजकुराचे छायाचित्र काढून आणणारी मुले हमखास शीर्षकपृष्ठ विसरतात आणि मग पृष्ठ २१४ नेमके कोणत्या पुस्तकाचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

जी दोन पुस्तके सापडत नाहीत ती शोधत बसू नये. पुस्तक हातात घेऊन पाहिलेले नसेल, तर ते संदर्भसूचीत लिहू नये.

तळटीप

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, मात्र खडू_फळा यांच्या एका मुद्द्याला पुस्ती जोडावीशी वाटते. घटनेच्या जवळचे साधन म्हणून 'बहिष्कृत भारत' महत्त्वाचे आहेच, परंतु ते घटनेच्या नेत्यानेच चालवलेले पत्र आहे, हेही मुलीने लिहिले पाहिजे. यामुळे ते अविश्वसनीय ठरत नाही. उलट, परिषदेमागची भूमिका काय होती यासाठी त्याहून चांगले साधन मिळणार नाही. पण गर्दीचा आकडा आयोजकांचा एक, विरोधकांचा दुसरा आणि सरकारी कागदांतील तिसरा असू शकतो. म्हणून आकड्याच्या बाबतीत एक संख्या निवडण्याऐवजी 'अमुक चरित्रकार इतकी संख्या देतात, तमुक साधनात इतकी आढळते' असे लिहावे आणि प्रत्येकीला स्वतंत्र तळटीप द्यावी. बाईंना हेच अपेक्षित असावे.

याच कारणासाठी पार्श्वभूमीची साधनेही पाहावीत. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण त्यातून आले. महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. त्यामुळे 'बंदी होती' एवढेच लिहिले तर विषय अर्धा राहतो. कायद्याने खुले असलेले तळे प्रत्यक्षात बंद होते, हे लिहायला ठरावाचा आधार लागतो.

आजोबांची आठवण कृपया काढून टाकू नका. ती मौखिक साधन आहे, मात्र ऐकीव आहे, कारण आजोबांचा जन्मच घटनेनंतरचा आहे. मुलीने त्यांची रीतसर मुलाखत घ्यावी आणि तळटिपेत सांगणाऱ्याचे नाव, वय, नाते, मुलाखतीचे स्थळ व दिनांक देऊन 'वडिलांकडून ऐकलेली माहिती' असे स्पष्ट नमूद करावे. त्यानंतर ती छापील साधनाशी ताडून पाहावी. पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रही वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा शहरात पसरली आणि परतीच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली, हे चरित्रांत नोंदलेले आहे. डोक्याला बांधलेले फडके त्या वर्णनाशी जुळते. जुळते म्हणजे सिद्ध होते असे नाही, आणि मुलीने नेमके तेवढेच लिहावे.

दोन_मुलांचा_बाप

सर्वांविषयी आदर ठेवून विचारतो की नववीतल्या मुलीकडून हे सारे अपेक्षित आहे का? प्रकल्पाला गुण मोजकेच असतात. माझ्या मुलाने तीन पुस्तकांची नावे लिहिली आणि त्याला पूर्ण गुण मिळाले.

खडू_फळा

आपला प्रश्न रास्त आहे. पंधरा पानांतील प्रत्येक वाक्याला तळटीप लागत नाही. महाड कोठे आहे हे सांगायला आधार नको. आकडा, दिनांक, कोणाचे तरी शब्द अवतरणात दिलेले असतील ते, आणि ज्याविषयी दोन मते आहेत ते विधान, एवढ्यांनाच तो द्यावा. अशी विधाने या वहीत सात-आठच निघतील.

लिहिण्याची रीत मराठीत सोपी आहे. संदर्भसूचीत आडनाव आधी येते : मून, वसंत (संपा.), मग ग्रंथाचे नाव, प्रकाशक, स्थळ, वर्ष. तळटिपेत याच माहितीपुढे पृष्ठक्रमांक येतो. लगेच पुढची टीप त्याच ग्रंथाची असेल तर 'तत्रैव' आणि पृष्ठ, मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर लेखकाचे आडनाव, 'उपरोक्त' आणि पृष्ठ. संकेतस्थळ असल्यास लेखाचे शीर्षक, लेखक, पूर्ण पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक द्यावा, कारण तेथील मजकूर उद्या बदलू शकतो. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, मात्र पानाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडून मूळ ग्रंथापर्यंत जावे आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या ग्रंथाचेच नाव लिहावे. चित्राखाली चित्रकाराचे नाव मिळाल्यास द्यावे, अन्यथा 'नंतरच्या काळातील चित्र' असे लिहावे. ओंजळीत पाणी घेतलेले जे रंगचित्र सर्वत्र दिसते, ते छायाचित्र म्हणून डकवू नये.

पनवेलकर_पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुलीने आजोबांची मुलाखत घेतली. प्रश्न तिने आधीच कागदावर उतरवले होते. फडक्याविषयी विचारल्यावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले की वडिलांनी हे स्वतः कधी सांगितले नव्हते, आजी सांगत असे. त्यामुळे तळटिपेत आता 'आजीकडून ऐकलेली माहिती' असा बदल झाला आहे. शनिवारी आम्ही शाळेचे पत्र घेऊन दादरला जात आहोत. ग्रंथपालताई, 'बहिष्कृत भारता'च्या पुनर्मुद्रणातील मजकूर घेताना मूळ अंकाचा दिनांक द्यावा की पुनर्मुद्रित ग्रंथाचे पृष्ठ?

ग्रंथपाल_कोकण

दोन्ही द्यावेत. आधी मूळ अंकाचा दिनांक आणि त्यापुढे 'पुनर्मुद्रण, १९९०, पृ.' असे लिहून पृष्ठक्रमांक. शनिवारी निघण्यापूर्वी ग्रंथालयात दूरध्वनी करून संदर्भ विभागाची वेळ विचारून घ्यावी.